मंगळवारची शिवकन्या

"शनिवारी मी लोचनाच्या तळ्यावर जाणार आहे," शिवकन्या म्हणाली, आणि बालाजीनं तिच्याकडं बघायच्या आधी फोनकडं बघितलं.

एव्हाना या नजरेची तिला सवय व्हायला हवी होती. झाली नव्हती. बायको काहीतरी बोलते, नवरा खिशातून फोन काढतो, पडद्यावरचा ठिपका बघतो आणि मग ठरवतो, उत्तर बायकोला द्यायचं की तिच्या डोक्यातल्या गाठीला.

"लाल आहे," तो म्हणाला.

"असू दे की."

"असू दे काय? आत्ता बोललीस ते तू बोललीच नाहीस."

"मग कोण बोललं? शेजारच्या वहिनी?"

"चेष्टा नको गं."

"अहो, परवा मी उपीट वाढून घेतलं तेव्हापण लाल आला होता. उपीटसुद्धा गाठीलाच हवं होतं का?"

"वर मिरची मागितली होतीस तू," बालाजी गंभीरपणे म्हणाला. "एकवीस वर्षांत कधी मागितली नाहीस."

मिरची तिनं खरंच कधी मागितली नव्हती.

शिवकन्या गरड बार्शीत पीकविम्याची सर्वेक्षक होती. गॅस बंद केलाय का हे बघायला कोपऱ्यावरून परत येणारी बाई. रस्ता ओलांडताना मोकळ्या रस्त्यावरही थांबणारी. आदल्या भाद्रपदात ऑफिसचं अर्धवट ओढलेलं शटर तिच्या कपाळाला लागलं. टेंगूळ आलं, आणि उगाच शंका नको म्हणून तिनंच स्कॅन करून घेतला. टेंगळाखाली काही नव्हतं. पण आत, मेंदूच्या उजव्या पुढच्या भागात, लिंबाएवढी एक गाठ होती. सोलापूरच्या डॉक्टर समीना तांबोळी म्हणाल्या, "सावकाश वाढणारी आहे. बहुधा बरीच वर्षं असेल तिथं. घाई नको, पण नजर ठेवायला हवी."

नजर ठेवायला जाळी बसवली गेली. केसापेक्षा बारीक तारांचं ते पातळ जाळं कवटीच्या आत, मेंदूवर अंथरलेलं असे. माणूस काही ठरवतो तेव्हा ओठ हलायच्या थोडं आधी मेंदूच्या पुढच्या भागात विजेचे ठोके एका विशिष्ट क्रमानं उठतात. कुठं जोर, कुठं लगाम, कुठं माघार. हा क्रम ज्याचा त्याचा असतो, चालण्याच्या ढबीसारखा. अंधारातही घरच्या माणसाची पावलं ओळखू येतात तसा. जाळी सुरुवातीचे काही दिवस हा क्रम शिकून घेई. त्याला मूळछाप म्हणत. पुढचा प्रत्येक निर्णय मूळछापेशी ताडून बघितला जाई. जुळला तर हिरवा ठिपका, शंका असेल तर पिवळा, परका वाटला तर लाल. पाणी, उंची, वाहन अशा जोखमीच्या बाबतीत लाल आला तर घरच्या एका माणसाची संमती लागे, आणि ठिपका त्याच्याही फोनवर दिसे.

हे सगळं कशासाठी, तर ही गाठ नुसती जागा अडवून बसत नाही. तिच्या पेशी आजूबाजूच्या चेतापेशींशी धागे जोडतात, त्यांच्या संदेशांतली वीज घेतात आणि तिच्यावर वाढतात. म्हणजे मेंदूचा तो भाग जितका पेटून काम करील, तितकं गाठीचं फावतं. हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं, त्या दिवसापासून शिवकन्येला स्वतःच्या उत्साहाचीच भीती वाटू लागली.

कारण उत्साह आला होता, आणि तो अचानक आला होता.

जाळीनंतरच्या पहिल्या तपासणीला एमआरआयच्या नळकांड्यात ती पडून होती. बाहेर ठोकाठोक चालल्यासारखा आवाज. डोळे मिटले आणि तिला लोचनाचं शेततळं दिसलं. दोन वर्षांपूर्वी वैरागच्या रस्त्यावरच्या त्या शेतात ती कंपनीच्याच शेतकरी अपघात विम्याच्या पाहणीला गेली होती. लोचनाची धाकटी मुलगी कळशी घेऊन उतरली आणि घसरली. तळ्याला काळ्या प्लास्टिकचं अस्तर, त्यावर शेवाळ, बाजू उतरत्या. पाण्याच्या रेषेवर प्लास्टिकवर बारीक पांढऱ्या रेघा होत्या, जवळजवळ, एकीखाली एक. शिवकन्येला आधी वाटलं, खुरप्याच्या असतील. मग कळलं. नखांच्या होत्या. तिनं फोटो काढले, अहवाल दिला आणि पुढच्या शेतावर गेली.

नळकांड्यात तिला रडू आलं नाही. फक्त पुढचं काम दिसलं. तालुक्यातल्या प्रत्येक तळ्याच्या बाजूला गाठी मारलेला दोर, आणि प्रत्येक मुलीला, प्रत्येक बाईला पोहता येणं. ती स्वतः मामाच्या विहिरीत पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून शिकली होती. भित्र्या आयुष्यात केलेलं तेवढं एकच धाडस. उरलेली वर्षं किती आहेत ते माहीत नाही. पण ती कशात घालवायची ते तिला कळलं होतं, लख्ख.

आणि सगळ्यांना खटकत होतं ते नेमकं हेच. इतकं लख्ख, इतकं अचानक. शिवाय गाठीमुळं कधीही फिट येऊ शकणाऱ्या बाईनं निवडावं तेही पाणी! पुण्यात शिकणारी मुलगी, सई, फोनवर म्हणाली, "आई, तू आणि पाणी? तू तर बादली भरून वाहिली तरी ओरडतेस. मला तर हा आवाजच तुझा वाटत नाही."

ठिपका लाल होता. रोजच लाल होता.

शनिवारी बालाजी तिला स्वतः घेऊन गेला, एका अटीवर. पाण्यात पाय टाकायचा नाही.

तळ्यावर चार मुली आणि त्यांच्या आया जमल्या होत्या. लोचना लांब, बांधावर बसली होती; मुलगी गेल्यापासून ती तळ्याच्या जवळ येत नव्हती. शिवकन्येनं मुलींच्या पाठीला प्लास्टिकचे कॅन बांधले, दोराची टोकं आयांच्या हातात दिली. "हात चिखल कालवल्यासारखे नाही, ढकलल्यासारखे. पाणी मागं ढकला. ढकला की गं, पाणी काय चावतंय का?" मुली खिदळत होत्या. एकीच्या कॅनची गाठ सैल झाली. ती पाणी प्यायला लागली, आणि पुढं काय झालं ते शिवकन्येला नंतर आठवलं तेव्हा इतकंच आठवलं की ती कमरेपर्यंत पाण्यात होती आणि मुलगी तिच्या हातात होती.

बालाजीचा फोन कर्कश वाजला, लाल ठिपक्याचा. बालाजी स्कूटरपासून धावत आला, तिला दंडाला धरून वर ओढलं.

"कळत नाही का तुला? फिट आली असती म्हणजे?" मग जमलेल्या बायकांकडं वळून, भीतीनं फाटलेल्या आवाजात तो म्हणाला, "हिला काही कळत नाही आता. हिचं डोकं हिच्या ताब्यात नाही!"

या वाक्यानं करायचं ते केलं. बायका मुलींची डोकी पुसू लागल्या. एक जण हळू, पण ऐकू जाईल असं म्हणाली, "डोक्यात गाठ हाय म्हणं. असल्या बाईच्या हाती लेकरू द्यायचं का?" थोड्या वेळात तळं रिकामं झालं.

लोचना बांधावरून उठून आली. "मॅडम, राग नका मानू. खरं सांगा. हे तुमीच करताय का?"

"मला माहीत नाही," शिवकन्या म्हणाली. खोटं बोलायचं तिला सुचलं नाही.

"माझ्या लेकीसाठी कुणीतरी करतंय म्हणून बरं वाटलं होतं," लोचना म्हणाली. "ते कोण हाय तेवढं बगा."

डॉक्टर तांबोळींनी सगळे ठिपके एका आलेखात मांडून दाखवले. लालच लाल. "औषध चालू आहे, तरी परके निर्णय वाढतायत. म्हणजे गाठीचा हात लांब पोचतोय. मी शस्त्रक्रिया सुचवीन."

"त्यात काय जाईल?"

"गाठीबरोबर थोडा भाग काढावा लागेल. माणूस उठून काहीतरी सुरू करतो ना, ती सुरुवात जिथून होते त्याच्या अगदी शेजारचा. बोलणं, आठवणी, हुशारी, सगळं राहील. पण काहींना शस्त्रक्रियेनंतर काही करावंसंच वाटत नाही. भूक लागते, पण उठून वाढून घ्यावं असं होत नाही."

"आणि तळं?"

"कदाचित त्याचं काहीच वाटणार नाही."

बालाजीच्या चेहऱ्यावर सुटकेची एक छटा येऊन गेली. शिवकन्येनं ती बघितली आणि विसरली नाही.

शिवकन्येनं विचार करायला मुदत मागितली. महिनाभरानं एका मंगळवारी ती बोलून गेली, "लोचनाला तरी शिकवते. मी काठावरच उभी राहीन." बालाजीनं सवयीनं फोन बघितला आणि तो उभाच राहिला. "हिरवा! अगं, हिरवा आहे!" त्यानं तिथल्या तिथं सईला फोन लावला. औषध लागू पडलं म्हणाला. संध्याकाळी पेढे आणले.

बुधवारी तेच वाक्य लाल झालं.

शिवकन्या सर्वेक्षक होती. एकाच बांधाच्या अलीकडं पीक उभं आणि पलीकडं आडवं दिसलं तर काय वेगळं घडलं ते शोधणं हेच तिचं काम. मंगळवारी काय वेगळं होतं? तिनं त्या दिवशी उपास केला होता. चोरून. तुळजाभवानीचा मंगळवार ती वर्षानुवर्षं करायची. गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या म्हणून डॉक्टरांनी उपास बंद केले होते. सासरचा उपास कडक. साबुदाणा नाही, भगर नाही. मूठभर शेंगदाणे आणि बिनसाखरेचं दूध. पुढच्या मंगळवारी तिनं पुन्हा उपास धरला. हिरवा. मधल्या गुरुवारी मुद्दाम केला. हिरवा. जेवली की लाल.

तिनं हे कुणाला सांगितलं नाही.

मग ती मंगळवारची झाली. जे काही मागायचं ते मंगळवारसाठी राखून ठेवायची. सोमवारी रात्री पित्त झालंय म्हणून जेवण टाळायची, गोळ्या रिकाम्या पोटी गिळायची, आणि सकाळी देवापुढं दिवा लावून बालाजीला विचारायची. तो हसून हो म्हणायचा. अशा हिरव्या परवानग्यांवर लोचना पाण्यात उतरली. पहिल्या दिवशी ती काठावर बसून नुसती थरथरत होती. दुसऱ्या खेपेला शिव्या देत उतरली, तळ्याला, शिवकन्येला, देवाला. पुढं पाठीचे कॅन सुटले आणि ती तशीच पोहत राहिली, तिच्या लक्षातही आलं नाही. मग तिनंच दोन मुलींच्या आयांना परत बोलावून आणलं.

सगळं मनासारखं चाललं होतं, आणि शिवकन्येला घास गोड लागेना. ती हिरव्याला फसवू शकत होती. मग लालही फसवा असेल. पण फसवा असेल तर इतक्या धूर्तपणे नवऱ्याला फसवणारी ही बाई कोण? आधीची शिवकन्या दुकानात चुकून जास्त आलेले सुटे परत द्यायला जायची. ही परवानग्या चोरत होती आणि तिला झोपही छान लागत होती.

एका बुधवारी भाकरी थापता थापता तिनं बालाजीला सगळं सांगितलं.

तो रागावेल असं तिला वाटलं होतं. तो ओट्याला टेकला. "मला वाटायचं, मंगळवारी तू परत येतेस," तो म्हणाला. "आठवड्यातून एकदा तरी."

भाकरी करपली. दोघांनीही ती उलटली नाही.

डॉक्टर तांबोळींना मात्र ऐकताक्षणी कळलं. त्यांनी तारखा बघितल्या आणि कपाळाला हात लावला. "मूळछाप घेतली ते दिवस नवरात्राचे होते. तुम्ही उपाशी होता?"

"उपास होता."

"पण मी विचारलं होतं, ताई. आहार नेहमीसारखा आहे का, म्हणून. तुम्ही हो म्हणालात."

"नेहमीसारखाच होता. नवरात्रात माझा दरवर्षी तसाच असतो." शिवकन्येला यात चूक काय ते अजूनही कळत नव्हतं. "नऊ दिवस अनवाणी, जमिनीवर झोपायचं, कुणाला उलट बोलायचं नाही, नवं काही सुरू करायचं नाही. तुम्हीच म्हणालात, रोजच्यासारखं वागा."

डॉक्टर कसंनुसं हसल्या. "रमजान असता तर मी आधी कॅलेंडर बघितलं असतं. नवरात्र माझ्या ध्यानातच आलं नाही." मग त्यांनी सांगितलं. साखर मिळेनाशी झाली की यकृत चरबीपासून दुसरं इंधन बनवतं. मेंदू त्यावरही चालतो, पण त्याच्या विजेची लय बदलते, संथ होते. जाळीनं तीच लय शिवकन्या म्हणून शिकून घेतली होती. उपाशी, शांत, कशालाही नाही न म्हणणारी, नऊ दिवसांची शिवकन्या. जेवलेली प्रत्येक शिवकन्या तिला परकी वाटत होती.

"म्हणजे मिरची हिनंच मागितली होती?" बालाजीनं विचारलं.

"तेही सांगता येत नाही."

"मग पुन्हा छाप घ्या ना. चांगली जेवूखाऊ घालून."

"ती गाठीसकट येईल. आणि खरं सांगायचं तर पहिलीसुद्धा गाठीसकटच होती. गाठीच्या आधीच्या शिवकन्याताई कुणी मोजलेल्याच नाहीत."

"मी मोजल्यात की," बालाजी उसळून म्हणाला. "एकवीस वर्षं."

"त्यातली निदान दहा वर्षं गाठ आत असणार."

बालाजीनं शिवकन्येकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या नजरेतला संशय तिच्यावर नव्हता. आपण लग्न करून आणली ती कोण, आपण जिच्याशी भांडलो ती कोण, असा काहीतरी तो होता. तो संशय तिला ओळखीचा वाटला. कितीतरी महिने ती एकटीच त्याच्यासोबत राहत होती.

डॉक्टरांनी दुसरा पडदा लावला. "रंग विसरा. हा परवाचा एमआरआय. याला उपासतापास कळत नाही." गाठीची कड आता गुळगुळीत नव्हती, तिला बारीक मुळं फुटली होती. "शस्त्रक्रिया करावीच लागेल. मी आधी सांगितलं होतं ते कारण चुकीचं होतं. हे बरोबर आहे."

त्या शनिवारी ती बालाजीला घेऊन तळ्यावर गेली. लोचना पाण्यात होती, एका मुलीची हनुवटी धरून. शिवकन्या काठावर बसली.

"लोचना, तू विचारलं होतंस, हे कोण करतंय. मी शोधलं. सापडलं नाही आणि सापडणारही नाही. ऑपरेशननंतर कदाचित मला याचं काही वाटणार नाही."

"मग?"

"म्हणून आत्ताच शब्द देते. वाटो न वाटो, शनिवारी इथं येईन. पाण्यात नाही. इथं, काठावर." ती बालाजीकडं वळली. "तुम्ही मला दर शनिवारी एकदा विचारायचं."

"आणि नाही म्हणालीस तर? ओढत आणू?"

"नाही. ओढायचं नाही, समजावायचं नाही, सईला मध्ये घालायचं नाही. एकदाच विचारायचं."

"बघा हां," लोचना पाण्यातूनच म्हणाली. "नवऱ्याची जात. एकदाच विचारून गप्प बसलेला मी तरी बगितला नाही."

शस्त्रक्रिया नीट झाली. गाठ गेली, जाळीही काढली. नवी बसवू का, असं डॉक्टरांनी विचारलं. शिवकन्येनं मान हलवली, आणि नाही म्हणायलाही तिला बराच वेळ लागला. तिला सगळं समजत होतं. सईचे विनोद समजत होते, हसू मात्र उशिरा येई. सकाळी ती खाटेवर बसून राही. चहा समोर असे, ती तो बघत असे, आणि कुणीतरी पी म्हटल्यावर पिई. गॅस बंद केला का ते ती आता बघत नव्हती. कधीकधी ती स्वतःच्या आत चाचपून बघे. लोचनाची मुलगी, प्लास्टिकवरच्या रेघा. सगळं जागच्या जागी होतं, स्पष्ट, आणि भिंतीवरच्या नकाशासारखं. त्यातून काही उठत नव्हतं.

टाके सुकल्यावरच्या पहिल्या शनिवारी बालाजी दारात उभा राहिला. हातात स्कूटरची किल्ली नव्हती. ती त्यानं मुद्दाम घेतली नसावी, असं तिला वाटलं. तो कुठल्या उत्तराची वाट बघतोय हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता येईना. त्याला तळं कधीच आवडलं नव्हतं. आता नाही म्हटलं तर ही बाई कायम अशीच घरात, सुखरूप बसलेली राहील.

"तळ्यावर जायचं का?" त्यानं विचारलं.

तिनं आत शोधलं. प्रामाणिकपणे शोधलं.

"मन नाही," ती म्हणाली.

"बरं."

तो खुर्चीवर बसला. पेपर उघडला. एकदाच विचारायचं होतं, त्यानं एकदाच विचारलं होतं. त्यानं पान उलटलं नाही.

शिवकन्या भिंतीकडं बघत होती. मग तिनं उजवा पाय खाटेखाली सोडला, त्याच्याकडं जरा वेळ बघितलं, आणि दुसरा सोडला. चप्पल शोधायला तिला वेळ लागला. बालाजीनं पेपर खाली केला.

"अगं, मन नाही म्हणालीस ना?"

"मन नाही म्हणाले," शिवकन्या म्हणाली. "येणार नाही असं कुठं म्हणाले?"

तळ्यावर ऊन होतं. लोचना पाण्यात छातीपर्यंत उभी होती आणि तिच्या पलीकडं सहा-सात मुली दोराला धरून लोंबकळत होत्या. शिवकन्येला पाहून त्यांनी आरडाओरडा केला. तिला काही वाटलं नाही. ती काठावर नेमून दिलेल्या जागी बसावं तशी बसली. एक नवी मुलगी दोर सोडून दोन हात पुढं गेली आणि घाबरली.

"काकू, पाय टेकत नाहीत!"

"टेकायचे नसतातच," शिवकन्या म्हणाली. "मार पाय."